ताटाबाहेरचा जिताडा

मस्कतच्या विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा सरळ पुढे गेल्या, माझी तेवढी बाजूला काढली गेली. आत काय आहे ते मला तोंडपाठ होतं, कारण यादी केल्याशिवाय मी अलिबागहून पेणलासुद्धा जात नाही. तांदळाचं पीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस), पांढऱ्या कांद्याची माळ, आईने कुटून दिलेला मसाला आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेलं सुकट. वास अर्थातच शेवटच्या वस्तूचा होता.

"ये क्या है?" तरुण अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं.

"सूखी मछली. भाई के लिए."

"भाई क्या करता है?"

"मछली पालता है. सुवैक में."

तो हसायलाच लागला. शेजारच्या सहकाऱ्याला त्याने ते अरबीत सांगितलं, मग तोही हसला. "मछलीवाले के लिए मछली! जाओ, अम्मा, यल्ला (चला)."

अम्मा म्हटल्याचा राग गिळून मी बाहेर आले. धाकटा भाऊ प्रमोद पिकअप घेऊन उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण हात हलवायची पद्धत तीच, तळ्याच्या पलीकडच्या काठावरून हाक मारावी तशी.

गेली कित्येक वर्षं तो मला बोलावत होता आणि मी दुकानाचं कारण सांगत होते. अलिबागला आमचं पंपांचं आणि शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्याला कुलूप लावणं माझ्या जिवावर येतं. पण या वेळी त्याचा फोन वेगळा होता. "ताई, यायचं तर आत्ताच ये. येत्या शुक्रवारनंतर अर्बाब (मालक) ठरवणार आहे, मासे ठेवायचे की टाक्या मोडून गोदाम बांधायचं. नंतर आलीस तर बघायला काही उरणार नाही." टाक्या गेल्या की प्रमोदचं कामही गेलं, आणि त्याच्या वयाला इथे दुसरं काम कुणी देत नाही. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन म्हणून आलेला हा माणूस मत्स्यशेतीचा व्यवस्थापक झाला होता. गावी परत येऊन तो काय करणार, हा प्रश्न आम्ही दोघंही फोनवर टाळत होतो.

विमानतळाबाहेरच्या टपरीवर त्याने मला करक (दाट, वेलचीचा दुधाळ चहा) पाजला आणि परोट्यात चीज आणि बटाट्याचे चिप्स गुंडाळून दिले. खाताना मी नाक मुरडलं आणि दुसरा मागवला.

मस्कत मागे पडलं की डोंगर डावीकडे सरकतात आणि समुद्र उजवीकडे, न दिसता, बरोबर चालत राहतो. बरकापासून पुढे खजुराच्या बागा लागल्या. मी लहान मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले, पण थोड्याच वेळात लक्षात आलं की कित्येक झाडांना शेंडाच नाही. नुसते खांब उभे.

"मेलीत ती," प्रमोद म्हणाला. "विहिरींतून इतकं पाणी उपसलं की समुद्र खालून आत शिरला. आता बोअर मारली तरी खारंच लागतं. खजूर तग धरतो थोडा, लिंबू पहिल्यांदा जातं."

"म्हणजे खारेपाटच की रे."

"खारेपाटच. आपल्याकडं बांधाला खांड पडून खारं पाणी वरून आलं, इथं खालून आलं. एवढाच फरक."

पेण-अलिबागच्या मधल्या खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे भातखाचरं खाडीच्या पातळीखाली. बांध आणि त्याची उघाडी (भरती अडवणारं, ओहोटीला उघडणारं दार) शाबूत, तोवर भात. बांध फुटला की शेतं खारी होतात आणि त्यात मासे येतात. जिताडा हा त्यातला राजा. खाडीतलं त्याचं पिल्लू आणून घरामागच्या तळ्यात सोडायचं, त्याला बारकी मासळी घालायची आणि वाट बघायची. आमच्या तळ्याच्या दगडी पायरीवर बाबा संध्याकाळी बसत. कुणी म्हटलं, "आता काढा की," तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "अजून वाढू दे." आणि वाढलेला जिताडा कधी विकला जात नसे. शेपटीला सुंभ बांधून तो अख्खाच्या अख्खा द्यायचा, नव्या जावयाला, मुलं शहाणी करणाऱ्या गुरुजींना, आईचं अवघड बाळंतपण निभावून नेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना. (सरकारी कचेरीतल्या साहेबांनाही, पण तो विषय वेगळा.) केवढा जिताडा दिला, यावर देणाऱ्याची इज्जत ठरायची.

आता ते तळं नाही. चुलतभावाच्या बंगल्यापुढे गाडी लावायला जागा हवी होती, म्हणून ते बुजवलं. पायरीचा दगड मात्र अजून आहे. त्यावर गॅसची टाकी ठेवतात.

प्रमोदचं शेत रस्त्यापासून आत, दोन भिंतींच्या मधल्या मातीच्या वाटेवर होतं. फाटकातून शिरताच मोटरचा आवाज कानावर आला आणि मला दुकानात बसल्यासारखं वाटलं. हिरव्या जाळीच्या सावलीखाली चार मोठ्या गोल टाक्या, प्रत्येकीत हवा खेळवणारी यंत्रं फसफसत होती. तीन टाक्या रिकाम्या, घासून ठेवलेल्या. चौथीत प्रमोदने मूठभर खाद्य फेकलं आणि पाणी उसळलं.

मी टाकीची कड धरूनच उभी राहिले. पाठ चंदेरी-तपकिरी, डोळा कंदिलाच्या काचेसारखा पेटलेला. जिताडे! आणि केवढे! आमच्या तळ्यात असा एखादा असायचा. इथे टाकी भरून होते.

"बाबांनी बघायला हवे होते," मी म्हणाले.

"हो ना," प्रमोद म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला. तेव्हा मला कळलं की यात काहीतरी गोम आहे.

गोम ही होती. तीन टाक्यांतले मासे ताटात मावतील एवढे झाल्यावर मस्कतच्या हॉटेलांना गेले होते. हॉटेलवाल्यांना सगळे सारखे मासे लागतात, एका गिऱ्हाइकाला एक मासा, डोकं या टोकाला, शेपूट त्या टोकाला. चौथी टाकी मात्र प्रमोदने मागे ठेवली. आणखी वाढवले तर आणखी भाव येईल, असं त्याने अर्बाबला पटवलं. मासे वाढले. तोवर खाद्य बाहेरच्या देशातून येत राहिलं, मोटरी दिवसरात्र चालत राहिल्या, आणि मोठा झालेला मासा पूर्वीइतकंच खाऊन पूर्वीइतका वाढेना. शेवटी हॉटेलचा आचारी येऊन टाकीत डोकावला आणि म्हणाला, हा मासा माझ्या कुठल्याच ताटात बसत नाही.

"अरे, मग वेळेवर का नाही काढलेस?"

"ताई, ताटाएवढा जिताडा आपण कधी कुणाला दिलाय का? लाज वाटली मला."

मी धंदा करणारी बाई आहे. माल पडून राहिला की तो रोज थोडा थोडा आपल्यालाच खातो, हे मी नोकरांना ऐकवत असते. त्याला मी बरंच काही बोलू शकले असते. पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं वाटलं आणि मी सुकट भाजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्बाब आले. सालिम त्यांचं नाव, साठीच्या पुढचे, पांढरा स्वच्छ दिशदाशा (पायघोळ अंगरखा), पायांत मात्र चिखलाने माखलेल्या चपला. चटईवर बसून त्यांनी मला स्वतःच्या हाताने कहवा (वेलची घातलेली कडू कॉफी) ओतून दिला आणि खजुराची थाळी पुढे सरकवली. त्यांचं हिंदी माझ्यासारखंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं.

"उख्ती (ताई), तुमचा भाऊ चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "पण त्याचा मासा माझ्यापेक्षा जास्त जेवतो."

प्रमोद हसला नाही.

सालिम यांनी मला शेत दाखवलं. इथे त्यांच्या वडिलांची लिंबांची बाग होती. लिंबं वाळवून त्यांची लूमी (काळी पडलेली सुकी लिंबं) गलबतांतून बाहेर जात. आता बागेच्या जागी टाक्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र एकच लिंबाचं झाड हिरवंगार उभं होतं, बुंध्याभोवती मातीचं आळं, आळ्यात पाणी.

"हे कसं जगलं?"

सालिम उत्तर द्यायच्या आत प्रमोदने मराठीत सांगितलं, "टँकरचं गोडं पाणी घालतात त्याला, दर आठवड्याला. अख्ख्या ओमानातलं सगळ्यात महागडं लिंबू आहे ते."

सालिम यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. "मेरे बाप का है," एवढंच म्हणाले आणि एक वाळलेलं पान खुडून खिशात टाकलं.

मग मुद्द्यावर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकार मत्स्यशेतीला उत्तेजन देतंय, समुद्रात मोठे पिंजरे टाकणारे, कोळंबीचे मोठे प्रकल्प काढणारे पुढे जातायत. पण त्यांच्याकडे माल खूप, त्यामुळे खर्च वाटला जातो. लहान शेताला चूक परवडत नाही. शुक्रवारपर्यंत टाकी रिकामी झाली आणि त्यातून नव्या बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचा खर्च निघाला, तर पुढे चालू. नाहीतर खलास (संपलं). गोदामासाठी भाडेकरू तयार होता.

आम्ही मस्कतला निघालो. आधी मत्राच्या मासळीबाजारात गेलो, कारण विकायचं तर बाजार बघितला पाहिजे. तिथे पाय ठेवला आणि प्रमोदची अडचण मला नीट समजली. समुद्रातून नुकतीच आलेली कन्अद (सुरमई) आरशासारखी चमकत होती, टूना माणसाएवढे पसरले होते. समोर असा समुद्र असताना टाकीतला मासा कोण घेणार? एका विक्रेत्याला प्रमोदने मोबाईलवर जिताड्याचा फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं आणि आपल्या सुरमईवर पाणी मारायला लागला. आमच्या बाजारातल्या बायका निदान चार शब्द तरी ऐकवतात.

तिथून रुवीला हमीदभाईंच्या दुकानात. हमीदभाई श्रीवर्धनकडचे, किराणा आणि मासळी विकतात, आणि प्रमोदची त्यांच्याशी जुनी ओळख. त्यांना मी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हा खरा हाय, का कम्प्युटरवर काढलेला?"

"खराच आहे. टाकी भरून आहेत."

"आणि ह्यो हॉटेलांच्या दारात जाऊन रडतोय!" हमीदभाई प्रमोदवर उखडले. "अरे बाबा, गोऱ्याला जिताड्याचं काय? हा मासा कुणाला विकायचा ते तुला ठाऊक नाय? अखी रायगड-रत्नागिरी इथं राबतेय."

"पण भाई, एकेका घराला एवढा मोठा मासा..."

"चार घरं मिळून घेतील. डोकं मात्र मी आधीच सांगून ठेवतो, माझं."

त्यांनी तिथल्या तिथे दुकानाच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकला. खाली लिहिलं: 'जिताडा. अख्खा. शुक्रवारी.' एवढंच. चहा संपायच्या आत उत्तरं यायला लागली. कुणी खरंच का म्हणून विचारलं, कुणी नुसतेच डोळ्यांतून पाणी येणारे चेहरे पाठवले. एकाने लिहिलं, 'शेपटीला सुंभ बांधून मिळेल का?'

मग मात्र मी सूत्रं हातात घेतली. कोण किती जण मिळून घेणार, कुणाला साफ करून हवा, कुणाला अख्खा, कुणाकडे बर्फाचा डबा आहे, कोण कुणाला गाडीतून आणणार. विक्री हमीदभाईंच्या दुकानाच्या पावतीवर. प्रमोद म्हणाला, "ताई, तू मजा करायला आलीयस." मी म्हटलं, "मी तेच करतेय."

शुक्रवारी नमाज झाल्यावर फाटकासमोर गाड्या लागल्या. अल अमेरातहून कुटुंबं आली, मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजमधले मेकॅनिक हाताला ग्रीसचे डाग घेऊनच आले, सोहारहून एक अख्खी मिनीबस आली. कुणी दापोलीचं, कुणी म्हसळ्याचं, कुणी आमच्याच पेणचं. बायकांनी कोयते घरून आणले होते. जाळं ओढलं, पहिला मासा वर आला आणि सगळे टाकीच्या कडेशी लोटले.

"इज दॅट अ शार्क?" एका मुलीने आईला विचारलं.

"शार्क नाही गं, जिताडा. तुझ्या आजोबांच्या लग्नात आला होता."

"द सेम वन?"

सगळे हसले आणि मग आवाज थांबलाच नाही. सोहारच्या मिनीबसमधून आलेले पाटीलमामा, वेल्डर, हे या सगळ्यांचे परीक्षक ठरले. त्यांनी माशाचा कल्ला उघडून आत पाहिलं, अंगावरून बोट फिरवलं, ते हुंगलं.

"चिखलाचा वास नाय," ते म्हणाले.

"टाकीतला आहे, मामा," प्रमोद म्हणाला.

"ता मला दिसतंय. म्हणून तर बोलतो. वास नाय तो जिताडा कसला?"

"मग नको का तुम्हाला?"

"नको कोण बोलला? ठेव बाजूला. तो नाय, तो मोठा!"

झाडाच्या सावलीत एका मोठ्या टोपात कालवण रटरटत होतं. आईचा मसाला, माझं आगळ, हमीदभाईंनी आणलेला नारळ. आधी डोकं हमीदभाईंना, मग बाकीच्यांना तुकडे. पाटीलमामांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कमी हाय काहीतरी," ते शेवटी म्हणाले आणि वाटी पुढे केली. "अजून वाढ."

संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. गाड्या गेल्या, फाटकाशी खवल्यांचा चकाकता चुरा तेवढा राहिला. सालिम दुपारपासून लिंबाजवळच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. हमीदभाईंनी हिशोब त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो पाहिला, घडी करून खिशात टाकला, आणि प्रमोदला समोर बसवलं.

"आज हे लोक काय घेऊन गेले?" त्यांनी विचारलं.

"मासा," प्रमोद म्हणाला.

"नाही. आज ते आपलं गाव घेऊन गेले. पुढच्या शुक्रवारी परत गाव विकत घेतील?"

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. सणासुदीला, वर्षातून एखादवेळी माणूस आठवणीसाठी खर्च करतो. रोजच्या जेवणात तो सुरमई नाहीतर कोंबडीच घेतो.

"नाही घेणार, अर्बाब."

"मग आजच्या पैशांतून बोटुकली मागव. चारही टाक्या. पण ताटाएवढा झाला की काढायचा. इन्शाल्ला, हॉटेलवाले घेतील."

प्रमोदने मान हलवली. त्याचं काम वाचलं होतं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण तो उठेना. खाली मान घालून म्हणाला, "अर्बाब, एक मासा उरलाय."

तो आम्हाला शेडमागे घेऊन गेला. तिथल्या लहान टाकीत सगळ्यात मोठा जिताडा एकटाच सावकाश फिरत होता. प्रमोदने सकाळी जाळं टाकायच्या आधीच त्याला बाजूला काढलं होतं. टाकीच्या कडेला सुंभाचा तुकडा तयार ठेवलेला होता.

"हा तुमच्यासाठी. आमच्याकडे रिवाज आहे. सगळ्यात मोठा विकत नाहीत, मोठ्या माणसाला देतात."

सालिम वाकून बराच वेळ बघत राहिले. मासा त्यांच्या पांढऱ्या प्रतिबिंबाखालून गेला, वळला, परत आला.

"माझ्या घरी आता आम्ही दोघंच," ते म्हणाले. "हा कोण खाणार? राहू दे त्याला इथेच."

"राहू दे? पण अर्बाब, याचं खाद्य, याची मोटर... आत्ताच तुम्ही म्हणालात..."

सालिम यांनी लिंबाच्या झाडाकडे हात केला. मग हसले. "पाणी माझ्या खिशातून, खाद्य तुझ्या पगारातून."

निघायच्या दिवशी त्यांनी मला त्या झाडाची लिंबं दिली, पिशवीभर. यादीत नसलेली तेवढी एकच वस्तू मी येताना आणली. मुंबईत माझी बॅग कुणी बाजूला काढली नाही.

आईला सगळं सांगायला मी थेट गावी गेले. पायरीच्या दगडावरची गॅसची टाकी खाली उतरवून आम्ही दोघी तिथे बसलो. प्रमोदने पाठवलेला व्हिडिओ मी लावला. हिरव्या जाळीतून ऊन पडलंय, तो मासा फिरतोय, आणि मागे मोटरीचा आवाज. आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

मी तिला नीट समजावलं की आता असे मोठे मासे पाळणार नाहीत, ते परवडत नाही, माल वेळेवर काढला तरच शेत टिकतं आणि शेत टिकलं तरच प्रमोद टिकतो. तिने ऐकून घेतलं. मान डोलावली. व्हिडिओ संपला होता. तिने मला तो परत लावायला सांगितला.

"हा नाही ना काढणार?" तिने विचारलं.

"नाही. हा राहणार."

"बरंय," आई म्हणाली, बाबांच्या दगडावर हात टेकत. "अजून वाढू दे."

मी आत जाऊन ओमानचं एक लिंबू कापलं आणि सरबताला पाणी घेतलं.